पानिपत वर्गात खेळवायचंय? लढाई नको, त्याआधीचे अडीच महिने घ्या

तुमचा प्रश्न असा: सातवीला मराठ्यांचा इतिहास शिकवताना पानिपतची लढाई टेबलावर सैन्य मांडून खेळवायची आहे. वर्गात पन्नासेक मुलं, तासिका ३५ मिनिटांची, तर कुठला खेळ विकत घ्यावा? माझं मत, काहीच घेऊ नका. आणि १४ जानेवारी १७६१ चा दिवस तर अजिबात खेळवू नका.

खरेदीचं आधी. विकत मिळणारे बहुतेक युद्धखेळ दोघाचौघांसाठी असतात. 'मेमॉयर ४४' हा त्यातला सोपा, पण तोही तासभर चालतो आणि एका पटावर दोघंच खेळतात. बाकीच्या मुलांनी काय करायचं? स्वातंत्र्यलढ्यावरचा २०१९ चा 'गांधी' अभ्यासपूर्ण आहे, पण त्याचे नियम समजून घ्यायलाच मोठ्यांचे दोन-तीन रविवार जातात. हे खेळ घरी खेळा, कल्पना उचला, वर्गात नेऊ नका.

आता लढाईचा दिवस का नको. त्या सकाळी मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब यांच्यापुढे पर्याय फार थोडे उरले होते. छावणीत उपासमार होती, जनावरं मरत होती. तिथून खेळ सुरू केला की मुलं फासे टाकतात, एखाद्या गटाचे भाऊ जिंकतात, आरडाओरडा होतो, आणि शिकायचं ते राहून जातं. खरे निर्णय आधीच होऊन गेले होते. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतलं, तिथला धान्यसाठा हाती आला. त्याच महिन्याच्या अखेरीस अफगाणांचा बादशहा अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. म्हणजे दोघांचेही घरचे रस्ते एकमेकांनी अडवलेले. फरक एवढाच की अब्दालीला रोहिल्यांचा सरदार नजीबखान याच्या मदतीने दुआबातून, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातून, रसद मिळत राहिली. मराठ्यांच्या बाजूने ती तोडायचं काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं. डिसेंबरात ते मारले गेले आणि फास आवळला.

हे अडीच महिने खेळवा. बारा दिवसांची एक चाल धरली तर सहा चालींत होतं. दोन तासिका जोडून मागा.

साहित्य म्हणजे फळ्यावर खडूने काढलेला नकाशा आणि चिंचोके. चिंचोके म्हणजे दाणा. प्रत्येक चालीला मराठा गटाने ठरलेले चिंचोके मोजून परत द्यायचे: लढवय्यांचे, जनावरांचे, आणि बुणग्यांचे (सैन्यासोबतच्या न लढणाऱ्या माणसांचे) वेगळे. छावणीत यात्रेकरू होते, बायकामुलं होती, हे पुस्तकात एका ओळीत येतं. तिसऱ्या चालीला कुणीतरी हमखास विचारतं, "सर, यांना परत पाठवता येईल का?" कुठल्या वाटेने, किती शिबंदी सोबत देऊन, हे त्यांनाच ठरवू द्या. मग बायकामुलं आणि अवजड तोफा मागे ठेवण्याचा भरतपूरच्या सूरजमल जाटाचा सल्ला सांगा. आधी सांगितलात तर ते नुसतं टिपण होईल. सैन्याच्या आकड्यांवर वेळ घालवू नका, त्यात मतभेद आहेत. प्रमाण राखलं की पुरे.

मुलांचे गट करा: भाऊ आणि त्यांचं मंडळ (मल्हारराव, जनकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी, दाणागोट्याचा कारभारी), अब्दालीचं मंडळ, नजीब, अवधचा नवाब शुजा, दुआबात गोविंदपंत, आणि दक्षिणेत नानासाहेब पेशवे. एका भूमिकेला दोन-तीन मुलं, म्हणजे त्यांची आपसातही चर्चा होते. अब्दालीचा गट व्हरांड्यात बसवा. एकमेकांचे चिंचोके कुणालाही दिसता कामा नयेत. नानासाहेबांना लिहिलेली चिठ्ठी दोन चालींनंतरच पोचेल, वाटेत पकडली गेली का एवढ्यापुरता एक फासा टाका. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सगळा पट दिसतो. म्हणूनच खेळ म्हणून तो कितीही थोर असला तरी इतिहास शिकवायला कुचकामी आहे.

बाकी निकाल पंच म्हणून तुम्ही द्यायचे. ही काही पळवाट नव्हे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम छापले, तेव्हा त्यात मोजमापं, फासे आणि कोष्टकांचं जंजाळ होतं. सेनाप्रमुख म्युफ्लिंगने पाहिल्यावर तो सैन्यात पसरला, पण अधिकारी कोष्टकांना कंटाळू लागले. १८७६ मध्ये त्याच सैन्यातल्या व्हेर्डी द्यु व्हेर्नुआने सरळ सांगितलं की कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंचाने निर्णय द्यावा. पन्नास मुलांच्या वर्गात हीच रीत चालते. फक्त निकाल देताना कारण मोठ्याने सांगा.

शेवटची वीस मिनिटं चर्चेला राखून ठेवा, खेळ अर्धवट राहिला तरी चालेल. दोनच प्रश्न विचारा. कुठल्या चालीला तुमच्या हातातून सूत्रं गेली? आणि खेळातला कुठला नियम तुम्हाला खोटा वाटला? दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. अब्दालीला दर चालीला दाणा मिळतोच कसा, अशी तक्रार येते. मग त्यांना दुआबाचा नकाशा द्या आणि नियम बदलून आणायला सांगा, पुराव्यासकट. भाऊंच्या मंडळातला गोलाची लढाई (तोफा आणि पायदळाच्या आधाराने बंदिस्त रचनेत लढणं) की गनिमी कावा हा वादही इथेच घ्या. गारद्यांच्या पायदळावर आणि तोफांवर भिस्त ठेवणारा इब्राहिमखान गोलाचा आग्रह का धरतो, हे त्याची भूमिका केलेली मुलं तुमच्यापेक्षा बरं सांगतील.

भूमिका चिठ्ठ्या टाकूनच वाटा. आडनाव किंवा धर्म पाहून कुणाला अब्दाली करू नका, आणि मुलांनाही तसं करू देऊ नका. चिठ्ठीवर स्वभाववर्णन नको, त्या माणसाला काय हवंय आणि कशाची धास्ती आहे तेवढंच लिहा. शुजामार्फत तहाची बोलणी चालू असताना नजीब त्याला विरोध का करतो, हे 'दुष्ट' म्हणून कळत नाही. मराठे उत्तरेत टिकले तर आपलं काय होईल, ही त्याची धास्ती लिहिली की कळतं.

लढाईनंतरची कत्तल आणि कैद मात्र खेळात आणू नका. त्याला सोंगट्या नाहीत, गुणही नाहीत. ते तुम्ही स्वतः सांगा, चिंचोके गोळा करून झाल्यावर. फाळणीच्या दंगलींनाही मी हाच नियम लावतो. त्यावर खेळ करा म्हणून कुणी सुचवलं तर नको म्हणा.

मुख्याध्यापकांना 'खेळ' म्हणून अर्ज देऊ नका, 'नकाशावाचन व गटचर्चा' लिहा. दोन तासिका मिळतील.