पावडरची केस आणि ‘कोर्टाला चालणारं’ सर्टिफिकेट

‘व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं की केस मिटते ना?’ ड्रग्जच्या केसेसची पत्रं वेगवेगळी, प्रश्न हाच. म्हणून एकदाच लिहितो.

प्रश्न: मुलगा सतरा वर्षांचा आहे. केस मोठ्यांच्या कोर्टात जाईल?
उत्तर: आधी बाल न्याय मंडळापुढे. वयाचा दाखला आजच वकिलाकडे द्या.

प्रश्न: भावाकडे दीड ग्रॅम एमडी (मेफेड्रोन ही नशेची पावडर) सापडलं. एक केंद्रवाला पैसे घेऊन ‘कोर्टाला चालणारं’ सर्टिफिकेट देतो म्हणतो. घ्यावं का?
उत्तर: अजिबात नाही. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांविरोधी कायद्याचं कलम ६४-अ व्यसनी माणसाला खटल्यातून संरक्षण देतं, पण त्याने स्वतःहून उपचार मागितले आणि घेतले तरच. तेही सरकारी, पालिकेच्या किंवा सरकारमान्य ठिकाणी. गुन्हा सेवनाचा किंवा लहान मात्रेचा हवा. एमडीची लहान मात्रा २ ग्रॅम, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर भेसळीसकट सगळी पुडी वजनात धरतात. उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे लागतात ते केसपेपर, लघवीचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी. रंगीत शिक्का नव्हे. अशाच एका सर्टिफिकेटावर दाखल झाल्याची जी तारीख होती, त्या दिवशी पोरगा पोलीस कोठडीत होता! सरकारी वकिलाने ते वाचायला दोन मिनिटंही घेतली नाहीत. आणि ‘बदनामी होईल’ म्हणून आरोपपत्र येईपर्यंत गप्प बसणाऱ्या घरच्यांना काय म्हणावं? उद्याच सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा, जाण्याआधी वकिलाशी बोला.

प्रश्न: दोषी ठरल्यावर उपचाराची वाट बंद होते का?
उत्तर: नाही. सेवन किंवा लहान मात्रा असेल तर कलम ३९ खाली, आरोपीच्या संमतीने, न्यायालय बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकतं. वर्षाच्या आत अहवाल द्यावा लागतो. मर्जी न्यायाधीशांची, अर्ज कसा करायचा ते वकिलाला विचारा.

प्रश्न: नवरा ब्राउन शुगर घ्यायचा. तुरुंगात जुलाब, अंगदुखी, झोप नाही. शेजारी म्हणतात, चार दिवसांत आपोआप सुटेल.
उत्तर: शेजाऱ्यांची डॉक्टरकी पुरे. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवा. दारू किंवा झोपेच्या गोळ्याही घेत असेल तर तेही लिहा. अचानक बंद झाल्या की फिट येऊ शकते. सुटल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, जुन्या मात्रेने जीव जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांची वेळ सुटकेआधीच घेऊन ठेवा.

प्रश्न: वकील परवडत नाही.
उत्तर: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.