मंत्र्यांचे उत्तर आणि राहून गेलेला पुरवणी प्रश्न

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात करोनाकाळातील संसदेच्या कामकाजावर एक छोटे टिपण छापले होते. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर आणि त्यांचे तेव्हाचे राज्यमंत्री व्ही. मुरलीधरन यांनी त्या काळात दोन्ही सभागृहांत दिलेल्या उत्तरांचा त्यात उल्लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, हे मला चांगले आठवते, कारण त्यावरून बराच गदारोळ झाला होता. तरीही त्या अधिवेशनात परराष्ट्र मंत्रालयाने प्रश्नांना उत्तरे दिली, असे आपण लिहिता. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?
(निवृत्त शिक्षिका, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत. संसदेतील प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे असतात. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला सभागृहात उभे राहून द्यावे लागते आणि त्यावर सदस्यांना पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते, ते सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते आणि तेथेच तो विषय मिटतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकितांपैकी निम्मेही प्रश्न तासाभरात प्रत्यक्ष पुकारले जात नाहीत, हा नेहमीचा अनुभव आहे. इंदूरकरांना हे वेगळे सांगायला नको, कारण 2014 ते 2019 या काळात इंदूरच्या खासदार सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्ष होत्या आणि अकराच्या ठोक्याला सुरू होणारा तो तास आपल्याकडे अनेक घरांत कौतुकाने पाहिला जात असे.

14 सप्टेंबर 2020 रोजी सुरू झालेल्या पावसाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहे एकाच दिवशी पाळीपाळीने बसत होती, सदस्यांना दोन्ही सभागृहांत आणि प्रेक्षकांच्या सज्ज्यांतही विखरून बसवले होते आणि मंत्र्यांना माहिती पुरवण्यासाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांची गर्दी टाळायची, हे प्रश्नोत्तराचा तास वगळण्यामागचे एक कारण सांगितले गेले. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतल्यावर अतारांकित प्रश्न तेवढे कायम राहिले. 1962 च्या युद्धकाळातही हा तास वगळला गेला होता, असा दाखला तेव्हा दिला गेला. तो खरा असला तरी मला तो फारसा पटत नाही. लेखी उत्तरांमुळे आकडे मिळाले, परंतु ‘हे तुम्ही सांगितलेत, मग ते का केले नाही?’ असे विचारण्याची सोय उरली नाही. परराष्ट्र खात्याच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, कारण या खात्याचे लेखी उत्तर इतके तोलूनमापून लिहिलेले असते की त्यातील नेमकी मेख पुरवणी प्रश्नाशिवाय बाहेर येत नाही.

अधिवेशनांच्या तारखाही लक्षात घ्यायला हव्यात. 2020 चे अर्थसंकल्पी अधिवेशन 23 मार्चला आटोपते घेण्यात आले आणि त्यानंतर संसद भरली ती थेट 14 सप्टेंबरला. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, ही राज्यघटनेची अट जेमतेम पाळली गेली. त्या वर्षी हिवाळी अधिवेशन झालेच नाही. पुढे 2021 चे अर्थसंकल्पी अधिवेशन 25 मार्चला संपले आणि पावसाळी अधिवेशन 19 जुलैला सुरू झाले. पहिली टाळेबंदी, परदेशात अडकलेल्यांना परत आणण्याची मोहीम, दुसरी लाट, परदेशांतून आलेले प्राणवायूचे साहित्य, या सगळ्या घडामोडी जोरात असताना मंत्र्यांना प्रश्न विचारायला सभागृहच भरलेले नव्हते. जी उत्तरे मिळाली ती घटना घडून गेल्यावर मिळाली.

प्रश्न : आमचे जावई दुबईत नोकरीला होते. मे 2020 मध्ये नोकरी गेली. सरकारने लोकांना फुकट परत आणले, असे शेजारी आजही छातीठोकपणे सांगतात. आम्ही मात्र तिकिटाचे आणि विलगीकरणाचे दोन्ही पैसे भरले. संसदेत याविषयी काय सांगितले गेले?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : आपण म्हणता तेच बरोबर आहे आणि सरकारनेही ते लपवलेले नाही. परदेशात अडकलेल्यांना परत आणण्याची ‘वंदे भारत’ मोहीम 7 मे 2020 रोजी सुरू झाली; त्याआधी 5 मे रोजी गृह मंत्रालयाने काढलेल्या कार्यपद्धतीत प्रवासाचा खर्च प्रवाशाने करायचा आहे आणि परतल्यावर 14 दिवसांचे विलगीकरणही स्वखर्चाने करायचे आहे, असे स्पष्ट लिहिले होते.

गैरसमज झाला तो बहुधा त्याआधीच्या घटनांमुळे. 1 आणि 2 फेब्रुवारी 2020 रोजी एअर इंडियाच्या दोन विमानांनी वुहानहून 647 भारतीय आणि मालदीवचे 7 नागरिक आणले. 26 फेब्रुवारीला हवाई दलाचे सी-17 विमान औषधोपचाराचे साहित्य घेऊन वुहानला गेले आणि 27 फेब्रुवारीला 76 भारतीयांबरोबर काही परदेशी नागरिकांनाही घेऊन परतले. 10 मार्चला इराणमधून 58 यात्रेकरू आले. त्या वेळी संसद चालू होती आणि इराणमधील भारतीयांविषयी परराष्ट्रमंत्र्यांनी लोकसभेत स्वतः निवेदन केले. शेकड्यांतील माणसांची सुटका आणि लाखांतील माणसांची वाहतूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूरचित्रवाणीवर मात्र दोन्हींची दृश्ये एकापाठोपाठ दिसत राहिली.

गरजू भारतीयांसाठी प्रत्येक दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो 2009 मध्ये सुरू झाला आणि पासपोर्ट किंवा इतर सेवांच्या शुल्काबरोबर परदेशस्थ भारतीयांकडूनच गोळा होणाऱ्या छोट्या रकमेवर चालतो. करोनाकाळात या निधीतून राहण्या-जेवणाची व काही ठिकाणी तिकिटांची मदत झाली, असे उत्तरांत वारंवार आले आहे. नोकरी गेलेल्या माणसाला हा निधी कसा मागायचा हे त्या वेळी कुणी सांगितले असते, तर पुष्कळ घरांचे पैसे वाचले असते. आपल्या शहरापुरते सांगायचे तर जुलै 2019 मध्ये सुरू झालेले इंदूर-दुबई थेट विमान मार्च 2020 मध्ये बंद पडले आणि पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर 2021 उजाडले. मधल्या काळात परतणाऱ्या इंदूरकरांना बहुधा दिल्ली किंवा मुंबईला उतरून पुढची सोय पाहावी लागली.

प्रश्न : एप्रिल 2021 मध्ये आम्ही घरातल्या सगळ्यांसाठी लशीची वेळ मिळावी म्हणून रात्र-रात्र मोबाइल घेऊन बसत होतो आणि त्याच लशी त्याआधी परदेशी गेल्या होत्या. याचा जाब परराष्ट्रमंत्र्यांना कुणी विचारला का? विचारला असेल, तर त्यांनी काय सांगितले?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, अन्नपूर्णा मार्ग, इंदूर)

उत्तर : आपल्या प्रश्नात राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे, पण आधी घटनाक्रम पाहावा लागेल. देशात लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झाले आणि 20 जानेवारीला ‘लस मैत्री’ मोहिमेतील पहिल्या लशी भूतान व मालदीवला रवाना झाल्या. 17 मार्चला जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केले आणि तोवर 72 देशांना भारतात बनलेली लस पोहोचल्याचे सांगितले. हे प्रश्नाचे उत्तर नव्हते, मंत्र्याने स्वतःहून केलेले निवेदन होते. लोकसभेत अशा निवेदनावर लगेच प्रश्न विचारता येत नाहीत. राज्यसभेत स्पष्टीकरण मागण्याची प्रथा आहे. मोहिमेचे कौतुक करण्यासारखी ती वेळ होती, कारण तोवर रुग्णसंख्या बरीच खाली येऊन पुन्हा नुकतीच चढू लागली होती. पुढे आठ दिवसांत अधिवेशन संपले आणि निर्यातही जवळपास थांबली.

आता आकडे. मे 2021 अखेर सुमारे 6.6 कोटी मात्रा 95 देशांत गेल्या होत्या. त्यांपैकी भेट म्हणून दिलेल्या सुमारे 1 कोटी 7 लाख, ‘कोवॅक्स’ या जागतिक योजनेद्वारे गेलेल्या सुमारे 1 कोटी 98 लाख आणि उरलेल्या साडेतीन कोटींहून थोड्या अधिक मात्रा व्यापारी करारांनुसार विकलेल्या होत्या. सरकारने ‘वाटून टाकलेल्या’ मात्रा एकूण निर्यातीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतक्याच होत्या. मोठा वाटा पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशील्डचा होता आणि त्या कंपनीवर या लशीची मूळ कंपनी ॲस्ट्राझेनेका हिच्याशी व ‘कोवॅक्स’शी झालेल्या करारांची बांधिलकी होती. सरकारची बाजू याच मुद्द्यांवर उभी होती: भेटीच्या मात्रा अल्प आहेत, करार पाळावेच लागतात आणि देशाची गरज पाहूनच निर्यात ठरते.

मला यातील पहिले दोन मुद्दे मान्य आहेत; तिसऱ्याविषयी शंका आहे. जानेवारी-फेब्रुवारीत लशी बाहेर पाठवणे चूक होते असे मी म्हणणार नाही, कारण त्या वेळी देशातील केंद्रांवर लस होती आणि घेणारेच कमी येत होते. चूक असेल तर ती पुढच्या महिन्यांसाठी कंपन्यांकडे पुरेशी मागणी वेळेत न नोंदवण्यात होती आणि ती जबाबदारी प्रामुख्याने परराष्ट्र खात्याची नव्हती. प्रश्नकर्त्यांनी मात्र बहुधा ‘किती देशांना किती मात्रा दिल्या?’ एवढेच विचारले. तक्ता मागितला की तक्ता मिळतो. देशनिहाय लांबलचक तक्ते जोडून उत्तर पूर्ण झाले. निर्यातीला परवानगी देताना पुढील तीन महिन्यांच्या देशांतर्गत गरजेचा अंदाज कोणी केला व तो काय होता, असे विचारले असते तर उत्तराला वेगळी धार आली असती.

निर्यात थांबवण्याची किंमतही कुणीतरी मोजलीच. नेपाळने सीरमकडून 20 लाख मात्रा विकत घेतल्या होत्या; त्यांतील निम्म्या पोहोचल्या आणि उरलेल्यांना ऑक्टोबर 2021 लागला. पहिली मात्रा घेऊन बसलेली तेथील वृद्ध माणसे दुसरीच्या प्रतीक्षेत राहिली. भूतानने मार्च-एप्रिलमध्ये आपल्या बहुतेक सर्व प्रौढांना भारताची पहिली मात्रा दिली होती. दुसरी आली ती जुलैमध्ये, मुख्यतः अमेरिकेने दिलेल्या मॉडर्नाची. शेजाऱ्यांशी असलेल्या मैत्रीचा हिशेब करताना हे प्रतीक्षेचे महिने जमेच्या बाजूला धरता येत नाहीत. उलट, एप्रिल-मेमध्ये अनेक देशांनी आपल्याला प्राणवायूचे संच, औषधे आणि व्हेंटिलेटर पाठवले, तेव्हा आधीच्या मदतीची आठवण काहींनी उघडपणे काढली. 2004 च्या त्सुनामीनंतर परदेशी सरकारांची मदत न घेण्याचे जे धोरण चालत आले होते, ते त्या आठवड्यांत बाजूला ठेवावे लागले. संसद चालू असती तर याच एका बदलावर दिवसभर चर्चा झाली असती.

प्रश्न : माझी मुलगी चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होती. दोन वर्षे ती घरात बसून संगणकावर वर्ग करत होती आणि संसदेत एकच उत्तर येत राहिले की विषय चीनकडे मांडला आहे. अशा उत्तराला काही अर्थ असतो का?
(एक आई, विजय नगर, इंदूर)

उत्तर : असतो, पण थोडा. 23 हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी, त्यांतील बहुतेक वैद्यकीय शाखेचे, चीनने व्हिसा थांबवल्यामुळे इकडे अडकले होते. दुसऱ्या देशाने व्हिसा द्यावा, हे आपला मंत्री आदेश देऊन करू शकत नाही, त्यामुळे ‘मांडला आहे’ यापलीकडे लिहिण्यासारखे खरोखर कमी असते. तथापि असे उत्तर वाचताना कोणत्या पातळीवर मांडला, हे पाहावे. दूतावासाने पत्र पाठवणे वेगळे आणि मंत्र्याने मंत्र्याशी बोलणे वेगळे. 25 मार्च 2022 रोजी चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले असता जयशंकर यांनी विद्यार्थ्यांचा विषय थेट काढला आणि त्यानंतर परतू इच्छिणाऱ्यांच्या याद्या मागवल्या जाऊ लागल्या. ऑगस्टच्या अखेरीस विद्यार्थी व्हिसा पुन्हा सुरू झाला. सीमेवरचा तणाव त्याच काळात चालू होता, हेही विसरता येत नाही. आपल्या मुलीची दोन वर्षे या सगळ्याने परत येत नाहीत, हे मी जाणतो.

प्रश्न : सामान्य नागरिकाला परराष्ट्रमंत्र्यांना प्रश्न विचारायचा असेल तर काय करावे?
(एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर)

उत्तर : आपल्या खासदारांना लेखी विनंती करावी, लोकसभेच्या किंवा राज्यसभेच्या. प्रश्नाची सूचना साधारण 15 दिवस आधी द्यावी लागते, मजकूर 150 शब्दांच्या आत हवा आणि मित्रराष्ट्राचा अवमान होईल अशी भाषा चालत नाही. नातेवाइकाचा मृतदेह आणणे, मालकाने अडकवलेला पासपोर्ट अशा वैयक्तिक अडचणींसाठी संसदेची वाट पाहू नये. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ संकेतस्थळ 2015 पासून त्यासाठीच आहे. धोरणाविषयीचा प्रश्न असेल तर ‘सरकारचे मत काय’ असे न विचारता कोणत्या तारखेला, कोणाच्या मंजुरीने, किती खर्चाने असे विचारावे. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर आले तर निराश होऊ नये. ते आश्वासन मानले जाते, ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते आणि सभागृहाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.