इसारावरचं वावर

वाचकांचे प्रश्न : जमीनजुमला

प्रश्न : काकाजी, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वाटणीत आलेलं दीड एकर माझ्या नावानं आहे. समृद्धी महामार्गाच्या येळाकेळी इंटरचेंजकडे तीन एकर वावर विकाऊ आहे. दाखवणारा डीलर म्हणतो, शेतकऱ्यासोबत माझी इसारचिठ्ठी (आगाऊ रक्कम देऊन केलेला खरेदीचा करार) झालेली आहे, खरेदी थेट तुमच्या नावानं लावून देतो. भाव एकरी 19 लाख. आजच 5 लाख रोख मागतो आणि 500 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून देतो म्हणतो. शेतकऱ्याला मात्र एकरी 14 लाखच मिळणार असं कानावर आलं. काय करू?
– एक शिक्षक, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : गुरुजी, त्या एकरी 5 लाखांच्या फरकानं तुमची झोप उडालेली दिसते. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. इसार करायचा, गिऱ्हाईक आणायचं आणि मधला फरक खायचा, हा धंदा मी निबंधक कार्यालयासमोर टेबल टाकलं त्याच्याही आधीपासूनचा आहे. 31 वर्षं दस्त लिहिले, त्यात अशा खरेद्या कितीतरी. फरक खाण्यात गुन्हा नाही. तो लपवून खाल्ला की पुढं भानगडी होतात.

डीलर तुम्हाला वावर विकत नाहीये, कारण ते त्याचं नाहीच. विक्रीच्या नुसत्या करारानं जमिनीत हक्क तयार होत नाही, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच लिहिलेलं आहे. त्याच्याजवळ आहे तो एक कागद. तो कागद मागा, झेरॉक्स नको, मूळ. त्यात दोन जागा वाचा. ‘खरेदीखत माझे अथवा मी सांगेन त्या इसमाचे नावे करून द्यावे’ अशी ओळ आहे का? नसेल तर तुमच्या नावानं खरेदी लावायला शेतकरी बांधलेला नाही. दुसरी जागा मुदतीची. हे लोक 50 हजार-लाख देऊन सहा महिन्यांची नाही तर अकरा महिन्यांची मुदत घेतात. मुदत संपत आली की भाषा बदलते : ‘भाऊ, दोन पार्ट्या लाइनीत हायेत, आज नाही त उद्या वावर गेलंच समजा.’ तुमच्याकडे ‘आजच’ मागतोय, म्हणून तारीख आधी पाहा. मुदतीला पंधरा दिवस उरले असतील तर घाई त्याला आहे, आणि 19 चा भाव तिथंच खाली बसतो.

मी स्वतः यात पोळलोय, दस्त लिहिणारा असून. लेआउट पडणार म्हणून एका दलालाला दीड लाख दिले. माणूस ओळखीचा, संक्रांतीला तिळगूळ घेऊन घरी येणारा. मूळ कागद मागायला मला लाज वाटली. दोन महिन्यांनी सहज त्या वावरात गेलो, तर म्हातारा खळ्यावर तूर झोडपत होता. म्हणाला, ‘माहा इसार त दिवाळीतच संपला. तुमी कोन?’ त्याच एका चिठ्ठीवर आणखी दोघांकडूनही पैसे उचललेले होते. चार वर्षांत तुकड्या-तुकड्यानं 70 हजार परत आले. बाकीचे गेले. बायको अजून तूर निवडताना तो म्हातारा आठवून हसते.

म्हणून शेतकऱ्याकडे जा, डीलरला सोबत घेऊनच जा. त्याला डावलून परस्पर सौदा मात्र करू नका. इसाराची मुदत चालू असताना तसं केलंत तर तो कराराची पूर्तता मागत दिवाणी कोर्टात जाऊ शकतो, आणि त्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. घरी गेल्यावर शेतकऱ्याच्या बहिणींची चौकशी करा. जमीन वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीनं मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. ‘बहिणी काही म्हणत नाहीत’ हे वाक्य मी टेबलावर बसून फार ऐकलं. बहिणी काही म्हणत नाहीत ते त्यांना कोणी विचारत नाही म्हणून. हक्कसोड नोंदलेली असेल तर फेरफारात दिसेल. नसेल तर खरेदीखतावर त्यांच्या सह्या हव्यात.

आता पैशाचं. खरेदीखतात 42 लाख लिहायचे आणि 15 लाख पिशवीतून द्यायचे, असा डीलरचा बेत असणार. जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुम्ही तर पगारदार, बँकेतून 15 लाख काढलेत तर ते कुठं गेले हे कोणी ना कोणी विचारणारच. सौदा मोडला तर ते 15 लाख तुम्ही दिले याचा कागद कुठंच नसेल. सरळ रस्ता असा : खरेदीखतात शेतकरी ‘लिहून देणार’, तुम्ही ‘लिहून घेणार’ आणि डीलर ‘मान्यता देणार’. त्याची रक्कम त्याच्या नावाच्या चेकनं, चेक नंबर दस्तात. डीलर याला तयार झाला तर माणूस बरा आहे. ‘साहेब, असं कोणी करत नाही’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मुखत्यारपत्रावर काम भागवू असं सुचवलं तरी तेच. मुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगितलंय.

सातबारा डिजिटल सहीचाच काढा, 15 रुपयांत मिळतो. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींवर दिलेली जमीन) असेल किंवा भूदानाची नोंद असेल तर परवानगीशिवाय पुढं जाऊ नका. विनोबांच्या पवनारच्या जिल्ह्यात भूदानाची जमीन दलालाच्या यादीत आलेली मी पाहिली आहे. खातेदार आदिवासी असेल तर विषय तिथंच थांबवा. इतर हक्कात बँकेचा बोजा असेल तर तो शेतकऱ्याच्या रकमेतून आधी फेडा. विदर्भाला 1958 चा वेगळा कुळकायदा लागू आहे आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्याची त्यात मनाई आहे. तुमच्या नावाचा दीड एकराचा सातबारा जोडला की तुमचं काम होईल.

रस्त्याचं विसरू नका. डीलर वावर नेहमी चैत्रात दाखवतो, तेव्हा काळी माती सिमेंटसारखी असते आणि गाडी धुऱ्यापर्यंत जाते. जुलैत तिथं बैलबंडीही जात नाही. पांदण नकाशावर आहे का, निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात (गावाच्या वहिवाटीच्या जुन्या सरकारी नोंदी) वहिवाट लिहिली आहे का, ते पाहा. शक्तिपीठ महामार्ग पवनारपासून निघणार म्हणून भाव चढवून सांगतील. त्याच आखणीत तुमचा गट आला तर वावर रस्त्यात जाईल, तेव्हा हा गट नंबर भूसंपादनाच्या कार्यालयात विचारून घ्या.

5 लाख मात्र देऊ नका. एक लाख चेकनं, तेही शेतकऱ्याच्या खात्यात, तिघांच्या सहीच्या कागदावर.

प्रश्न : आजोबा, माझ्याजवळ 2 लाख आहेत. चार शेतकऱ्यांना 50-50 हजार इसार देऊन पुढं गिऱ्हाईक लावायचा धंदा करावा म्हणतो. व्हिडिओ पाहून शिकलो.
– वय 26, देवळी

उत्तर : बाबू, नातवाच्या वयाचा आहेस म्हणून तुला ‘तू’ म्हणतो. व्हिडिओवाला गिऱ्हाईक मिळालं तेव्हाची गोष्ट सांगतो. मुदतीत मिळालं नाही तर इसार जप्त, हे चिठ्ठीतच लिहिलेलं असतं. चारांपैकी तीन वावरं अडकली तर 1.5 लाख गेले, आणि चौथ्याच्या फरकातून ते निघतील असं नाही. आधी वर्षभर नुसती दलाली कर, दोन्ही बाजूंना सांगून, ठरलेल्या टक्क्यावर. प्लॉट विकायला गेलास तर एजंट म्हणून महारेरात (घर-प्लॉटच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी लागेल, आणि 500 चौरस मीटरच्या वरचं लेआउट नोंदलेलं आहे का तेही पाहावं लागेल.

तरी एखादा इसार करायचाच असेल तर शेतकऱ्याला आधीच सांग की मी हे पुढं विकणार आहे, आणि ते चिठ्ठीत लिही. मुदतीची तारीख आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहायची. तीनाचा आठ झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय.