अर्काभोवती १८ मिलिमीटरचे वर्तुळ मिळाले, पुढे काय करावे?

कागदाच्या प्रत्येक चकतीवर वनस्पतीचा १ मिलिग्रॅम मिथेनॉल अर्क घेऊन स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर आपल्याला १८ मिलिमीटरचे स्वच्छ, म्हणजे जिवाणू न वाढलेले, वर्तुळ मिळाले, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या ५ मायक्रोग्रॅम चकतीने २७ मिलिमीटरचे दिले, आणि ई. कोलाय या जिवाणूवर मात्र अर्काचा काहीच परिणाम दिसला नाही. यावरून अर्क त्या औषधाच्या दोन-तृतीयांश प्रभावी ठरतो का, असा आपला प्रश्न आहे. तसे म्हणता येणार नाही. एक तर आपल्या चकतीवर औषधाच्या दोनशे पट वजनाचा अर्क होता. दुसरे म्हणजे वर्तुळाचा व्यास हा पदार्थ अगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या घट्ट जेलीत, किती सहज पसरतो यावरही अवलंबून असतो; टॅनिनसारखे मोठे रेणू आणि पाण्यात न मिसळणारी तेले फारशी पसरत नाहीत, त्यामुळे दोन वेगळ्या पदार्थांच्या वर्तुळांची तुलना मुळातच करू नये.

पुढची पायरी म्हणजे द्रव माध्यमात दुपटीने विरल करत जाऊन एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढणे. कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी आली तर पुढे जाण्यात अर्थ आहे, असे या क्षेत्रात साधारणपणे मानले जाते. कित्येक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरवर मिळणाऱ्या परिणामाला मी तरी महत्त्व देत नाही. पानांच्या गडद हिरव्या अर्कात गढूळपणा डोळ्यांना कळत नाही, म्हणून रेझाझुरिन हे रंगद्रव्य वापरले जाते, जे जिवंत पेशींमुळे निळ्याचे गुलाबी होते. मात्र अर्कातील अँटिऑक्सिडंटही हा रंगबदल घडवू शकतात, तेव्हा जिवाणू न घातलेल्या, फक्त अर्काच्या विहिरी (चाचणीच्या तबकडीतील खळगे) सोबत ठेवाव्यात. विद्रावकाचे नियंत्रण, म्हणजे अर्काविना फक्त विद्रावक घातलेली विहीर, तर हवेच.

अर्काचे भाग वेगळे करताना परिणाम हळूहळू नाहीसा होतो, ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि त्याचा दोष सहसा हाताळणीला दिला जातो. दारुहळदीच्या कुळातील बर्बेरिस वनस्पतींचे उदाहरण येथे लक्षात घ्यावे. त्यांतील बर्बेरिन जिवाणूत शिरते खरे, पण स्टॅफिलोकॉकसचा नॉरए हा पंप ते लगेच बाहेर फेकतो, त्यामुळे एकटे बर्बेरिन दुबळे ठरते. त्याच वनस्पतींत ५'-मेथॉक्सीहायड्नोकार्पिन नावाचा रेणू असतो. तो स्वतः जिवाणूंना मारत नाही, परंतु हा पंप अडवतो आणि मग बर्बेरिन पेशीत साठू लागते. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. अर्काचे भाग वेगळे करणाऱ्या स्तंभावर हे दोन रेणू वेगळ्या भागांत गेले की एक भाग दुर्बल आणि दुसरा निष्क्रिय दिसणार, आणि संशोधक दोन्ही टाकून देणार. म्हणून निष्क्रिय भाग फेकण्याआधी ते एकमेकांशी, तसेच एखाद्या प्रचलित प्रतिजैविकाच्या अपुऱ्या मात्रेशी मिसळून तपासावेत. प्रतिजैविके आजवर मुख्यतः बुरशी आणि मातीतील जिवाणू यांच्यापासून मिळाली आहेत. वनस्पतींकडून मला तरी नव्या पेनिसिलिनपेक्षा जुन्या औषधांना पुन्हा कामाला लावणाऱ्या अशा साथीदार रेणूंची आशा अधिक वाटते.

ई. कोलायवरील अपयश अनपेक्षित नाही. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंचे बाह्य आवरण अनेक वनस्पतिजन्य रेणूंना अडवते, आणि जे आत पोहोचतात त्यांना एक्रएबी-टॉलसी हा पंप बाहेर काढतो. हा पंप निकामी केलेला उत्परिवर्तित वाण मिळाल्यास त्यावर तोच अर्क लावून पाहावा. तेथे वाढ थांबली तर अडचण लक्ष्याची, म्हणजे जिवाणूत रेणू जेथे काम करतो त्या जागेची, नसून पोहोचण्याची आहे, हे कळेल.

विषारीपणाची चाचणी मात्र शेवटी ढकलू नये. सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस आणणारी वनस्पतिद्रव्ये, असलेले अर्क पेशींची आवरणे फोडतात आणि त्यात तांबड्या रक्तपेशीही येतात, तर टॅनिन जवळजवळ कोणत्याही प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे त्यांचा परिणाम बशीत प्रभावी आणि शरीरात निरुपयोगी असू शकतो. रक्तपेशी फुटण्याची साधी चाचणी आणि सस्तन पेशींवरील चाचणी एमआयसीच्या बरोबरीनेच करावी, आणि पुढील निकाल येथे मांडताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वनस्पतिसंग्रहातील नमुन्याचा क्रमांक, पाने तोडल्याचा महिना आणि जिवाणूच्या वाणाचा क्रमांक हेही द्यावे, कारण त्याशिवाय दुसऱ्या कोणाला हा प्रयोग पुन्हा करून पाहता येणार नाही.