झेड की झी? आणि आयर्लंडातला ‘हेच’

प्रश्न असा आलाय की मुलगी मोबाईलवरची गाणी ऐकून इंग्लिशच्या शेवटच्या अक्षराला ‘झी’ म्हणते, शाळेत बाई म्हणतात ‘झेड’च म्हण, तर बरोबर काय?

दोन्ही बरोबर. आणि ‘झी’ म्हणजे अमेरिकन लोकांनी केलेली मोडतोड हा जो समज आहे ना, तो काढून टाका आधी. ‘झेड’ हा ग्रीक झीटावरून, फ्रेंचमधून इंग्लिशमध्ये आला, पण ‘झी’सुद्धा इंग्लंडचीच, 1677 सालच्या थॉमस लायच्या स्पेलिंगच्या पुस्तकात ती सापडते. बी, सी, डी, पी, टी या चालीवर झी झालं असणार, सरळ आहे. पुढे अमेरिकन कोशकार वेब्स्टरने 1828 च्या डिक्शनरीत झी दिलं आणि 1835 मध्ये बॉस्टनला एबीसीचं गाणं छापलं गेलं, तेच आपण ‘ट्विंकल ट्विंकल’च्या चालीवर म्हणतो ते. म्हणून बघा एकदा, ‘व्ही’ला ‘झी’ कसं छान जुळतं, आणि झेड म्हटलं की चाल तिथेच अडखळते. मुलगी झी म्हणते ती या यमकामुळे. कॅनडा अमेरिकेला एवढा चिकटून, पण तिथे बहुतेक लोक झेडच म्हणतात.

आपल्याकडे तर दोन्ही सुखाने नांदतायत. शाळा झेडपीची, सुरक्षा झेड प्लस, पण चॅनेल झी मराठी आणि आजची पोरं जेन झी. ‘झीपीची शाळा’ कुणी म्हणेल का?

मला स्वतःला एच जास्त ओढून घेतो. या अक्षराचं नाव जुन्या फ्रेंचमधून आलं, त्यामुळे ‘ह’चं अक्षर असूनही नावात ह नाहीच! आयर्लंडात मात्र सर्रास ‘हेच’ म्हणतात, तो ह परत आणून बसवलेला. आणि उत्तर आयर्लंडात यावरून माणसाचा पंथ ओळखायचे, ‘हेच’ म्हणणारा कॅथलिक, ‘एच’ म्हणणारा प्रोटेस्टंट, आणि तिथे या दोन पंथांमधल्या दंगलींच्या काळात अनोळखी गल्लीत ही ओळख जिवावर बेतू शकायची. एका अक्षराच्या नावावरून, विचार करा. ऑस्ट्रेलियातही ‘हेच’ म्हणणारे आहेत, त्याचा संबंध आयरिश कॅथलिक शाळांशी लावतात. स्कॉटलंडमधली काही जुनी माणसं ‘जे’ अक्षराला ‘जाय’ म्हणतात, ‘आय’शी जुळणारं.

आणि आपण? एकचं येक होतं तसंच एचचं येच, एमचं येम. माझे आजोबा मनगटावरच्या घड्याळाला कायम ‘येचेमटी’ म्हणायचे. एसटीची तर यष्टी झाली आणि ती इतकी रुजली की गावाकडे अजून लोक म्हणतात, पाचची यष्टी गेली का रे?