आधी मध चाख

प्रिय मुली,

स्पर्धेला पाठवलेल्या तुझ्या मीडच्या, म्हणजे मधापासून आंबवलेल्या मद्याच्या, दोन्ही गुणपत्रिकांचे फोटो मिळाले. एका परीक्षकाने पन्नासांपैकी 34 दिले, दुसऱ्याने 28, आणि शेरा दोघांचा एकच: मध जाणवत नाही. आणि तू मला विचारतेस काय, तर यीस्ट बदलू का, ओकचे तुकडे घालू का, व्हॅनिला घातली तर पुढच्या वेळी चाळिशी गाठेन का! रात्री अकराला वाचलं आणि माझी झोप उडाली. बारा वर्षांपूर्वी मीही हेच विचारत होतो आणि मला कुणी अडवलं नव्हतं.

मला एवढंच सांग, तो मध तू नुसता चाखला होतास का?

प्रवेशपत्रावर तू ‘ऑरेंज ब्लॉसम’, म्हणजे संत्र्याच्या फुलांचा मध, असं लिहिलंस. मधाचं नाव लिहायची सक्ती नसते, पण एकदा लिहिलं की परीक्षक तेच शोधणार, बीजेसीपी या बिअर-मीडच्या परीक्षकांच्या संस्थेच्या नियमावलीतच तसं आहे. पन्नासांपैकी 10 गुण वासाचे, 24 चवीचे, दिसण्याला अवघे 6. तू नितळ रंगासाठी महिनाभर झुरलीस आणि मध मात्र पाण्यात घालून खळखळ उकळलास. अगं, त्या दिवशी तुझ्या खोलीत जो सुरेख वास दरवळला, तोच बाटलीत हवा होता! मध कोमट पाण्यात ढवळला तरी विरघळतो, उकळायची काही गरज नसते.

रागावतोय, कारण हीच चूक माझ्या हातून फार महागात झाली आहे. बाबा मला भेटायला वाईहून मिशिगनला आले, तेव्हा महाबळेश्वरच्या एका मधपाळाकडून कारवीच्या मधाच्या दोन बाटल्या घेऊन आले होते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. सातेरी माश्यांनी गोळा केलेला तो मध गडद होता, दाट होता, आणि घशात उतरल्यावर मागे किंचित तुरट रेंगाळायचा. मी काय केलं? स्पर्धा जवळ आली होती म्हणून दोन्ही बाटल्या उकळल्या, वर आलं, दालचिनी आणि लवंग घातली. मसालेदार मीडच्या गटात दुसरा आलो. बाबांनी घोट घेतला आणि म्हणाले, “छान आहे रे, काढ्यासारखं लागतंय.” त्यांना कारवी सापडली नाही. पुढची कारवी फुलली तेव्हा बाबा नव्हते. ते पदक अजून खणात आहे, मी ते बाहेर काढत नाही.

म्हणून सांगतो, आधी मध चाख. चमचाभर मध वाटीत घे, वाटी दोन मिनिटं तळहातात धरून कोमट होऊ दे. आधी वास घे. मग नाक चिमटीत धरून मध जिभेवर ठेव, नुसता गोड लागेल, जणू साखरेचा पाक. आता नाक सोड आणि श्वास बाहेर टाक. त्या क्षणी जे उलगडतं, तो तुझा मध. तेच मीडमध्ये उरायला हवं, कारण गोडवा तर यीस्ट खाऊन टाकणार आहे. मेडोफोमच्या फुलांचा मध घेतलास तर तिथे चक्क व्हॅनिला आणि मार्शमॅलो सापडेल, मग तुझी ती व्हॅनिलाची बाटली कशाला? बकव्हीटचा मध काळाभोर, काकवीसारखा, थोडा गोठ्याची आठवण देणारा. फ्लोरिडातल्या अपालाचिकोला नदीकाठचा टुपेलो वर्षानुवर्षं थिजत नाही, त्यात फ्रुक्टोजच जास्त असतं. आणि आपला जांभळाचा मध, लहानपणी मी कडवट म्हणून तोंड वाकडं करायचो, आज त्या कडवटपणासाठी जीव कासावीस होतो.

यीस्टचं थोडक्यात सांगतो. मधात नायट्रोजन अगदी कमी असतो, तेव्हा पोषकद्रव्यं पहिल्या काही दिवसांत हप्त्याहप्त्याने घाल, भांडं थंड जागी ठेव. एक गॅलनला साधारण 1.3 किलो मध पुरे. तीन वेगळे मध आण, यीस्ट एकच ठेव, तीन बरण्या लाव. ओक नाही, व्हॅनिला नाही, फळं नाहीत.

लोक म्हणतात मी हट्टी आहे, गेल्या कित्येक वर्षांत निव्वळ मधाच्या मीडशिवाय काहीच पाठवत नाही, म्हणून पदकं येत नाहीत. म्हणू देत. गेल्या वर्षी माझ्या बकव्हीटला 29 मिळाले, परीक्षकाने लिहिलं, ‘गोठ्याचा वास प्रकर्षाने येतो.’ मी तो कागद जपून ठेवलाय. त्याला बकव्हीट सापडला होता! फळं-मसाले घालून उत्तम मीड करणारे आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्यांनी आधी मध चाखलेला असतो. मी नव्हता चाखला, आणि तूही नाही.

तेव्हा यंदा मेझर कप या मीडच्या स्पर्धेची घाई करू नकोस. रविवारी सकाळी घरी ये, कॉफी न पिता ये. त्या डब्यात ऑरेंज ब्लॉसम उरला असेल तर घेऊन ये, तळाशी चार चमचे असला तरी चालेल. काकूने जांभळाच्या मधाची एक बाटली वाईहून आणली आहे, ती अजून फोडलेली नाही.

तुझा,
काका