डब्यावरचा फोटो
वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी कळव्याचा, वय २७. घोडबंदर रोडवरच्या एका जिममध्ये पाच वर्षं पर्सनल ट्रेनर आहे. मालिकेत काम करणारा एक अभिनेता दीड वर्षापासून माझ्याकडे येतो. त्याने आमच्या व्यायामाचा व्हिडिओ टाकला आणि महिन्याभरात माझे फॉलोअर्स चाळीस हजारांवर गेले. आता प्रोटीन पावडरची एक कंपनी डब्यावर माझा फोटो छापायला एकरकमी दोन लाख देतेय. एका वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमासाठीही फोन आला होता. मला स्वतःचा स्टुडिओ काढायचाय. जिमचे मालक म्हणतात, ‘सोडलंस तर दोन वर्षं ठाण्यात कुठेही शिकवता येणार नाही, तसं तू लिहून दिलंयस.’ काय करू?

उत्तर : तुझं पत्र वाचून मी आधी उठले आणि स्टुडिओतलं कपाट उघडलं. माझाही एक डबा आहे तिथे. टाकून दिलेला नाही.

२००७ सालची गोष्ट. नौपाड्यात साड्यांच्या दुकानावर माझा व्यायामाच्या वर्गांचा सहाशे फुटांचा हॉल होता, एका भिंतीला आरसे. मालिकांतल्या दोन अभिनेत्री शूटिंग आटोपून थेट माझ्याकडे यायच्या, त्यामुळे नाव होऊ लागलं होतं. एका कंपनीचा माणूस आला, पंचाहत्तर हजारांचा चेक घेऊनच. सातची बॅच सुटली होती, आठची यायची होती. तेवढ्या वेळात काउंटरवर उभ्या-उभ्या मी सही केली. कागदावर ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे शब्द होते. मला वाटलं, छापायची एक पद्धत असते.

चार वर्षांनी माझ्या बॅचमधल्या एका काकूंनी पिशवीतून तो डबा काढला. कंपनीने मधल्या काळात आतला मालच बदलला होता, चेहरा माझाच. मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी होती. ज्याचं वजन जास्त ते आधी, अशा क्रमाने ती लिहितात, आणि साखर दुसऱ्या नंबरवर होती. काकूंचे यजमान मधुमेही. महिनाभर रोज सकाळी दुधातून तेच घेत होते, कारण डब्यावर मी होते. काकू मला अवाक्षर बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘ताई, किती चमचे घालायचे?’

म्हणून दोन लाखांकडे नंतर बघू. करारात आधी चार गोष्टी शोध : फोटो किती वर्षं वापरणार, कुठे-कुठे वापरणार, माल बदलला तर तुला विचारणार का, आणि तुला बाहेर पडायचं झालं तर कसं. मुदत एका वर्षाचीच घाल. माल बदलल्यास फोटो काढून घ्यायचा, हे वाक्य नसेल तर सही करू नकोस, मग रक्कम कितीही असो. त्यांच्याकडून पावडरच्या त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल माग आणि जपून ठेव. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोट्या जाहिरातीबद्दल जाहिरातीतल्या चेहऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि एक वर्षापर्यंत जाहिराती करायला बंदी येऊ शकते. दाव्याची आधी नीट खातरजमा केली होती, हे दाखवता आलं तर त्यातून सुटका होते. तो अहवाल त्यासाठीच लागेल. पैसे घेऊन रील टाकलीस तर ‘जाहिरात’ असं ठळक लिहायचं. फुकट आलेल्या वस्तूही हिशेबात धर. २०२२च्या जुलैपासून वर्षाला वीस हजारांवरच्या अशा भेटींवर दहा टक्के कर कापला जातो. सीएला भेट, पहिल्या चेकच्या आधी.

मालकांचं म्हणशील तर घाबरू नकोस. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याचं कलम २७ सांगतं की कुणाला आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल. नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडची न्यायालयं सहसा मानत नाहीत. मात्र जिमच्या रजिस्टरमधले नंबर उचलून आणू नकोस, तो वेगळा मामला होतो. आणि ज्या माणसाने पाच वर्षं तुला शिकवायला जागा दिली, त्याला महिनाभर आधी तोंडावर सांग.

आता वाहिनी. इथे मला तुला खूप काही सांगायचंय, कारण या कामावर माझा जीव आहे. टीव्हीवर गेलेला ट्रेनर व्यायामाला मुकतो, असं आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. मी मानत नाही. अमेरिकेत जॅक लालेन नावाचा माणूस होऊन गेला. १९३६ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याने ओकलंडला व्यायामशाळा काढली. १९५१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वाहिनीवर पंधरा मिनिटांची वेळ त्याने स्वतःच्या खिशातून पैसे भरून घेतली. समोर कोण बसणार? घरात असलेल्या बायका. त्यांच्याकडे डंबेल कुठून असणार, म्हणून त्याने खुर्ची घेतली. खुर्चीच्या पाठीला धरून पाय मागे, खुर्चीवर बसून उठायचं. मुलांना पडद्यापाशी बसवायला एक पांढरा कुत्रा आणला आणि मुलांनाच सांगितलं, जा, आईला बोलावून आणा. तो कार्यक्रम १९८५पर्यंत चालला. त्याच्या नावाचे जिम निघाले, रस काढायचं यंत्र विकलं गेलं, पण लोकांच्या डोक्यात राहिली ती खुर्ची. सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास हातापायांत बेड्या घालून त्याने सत्तर होड्या पाण्यातून ओढल्या. करमणूक होती का? होतीच. म्हातारपणी शरीर काय करू शकतं, ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

माझे तेरा भाग झाले होते सकाळच्या कार्यक्रमात. पहिल्या दिवशी मी कॅमेऱ्याकडे बघून पाठ केलेलं बोलत होते. दिग्दर्शक म्हणाला, ‘ताई, खोपटच्या चाळीतली एक बाई समोर आहे, गॅसवर कुकर आहे आणि तिचा डावा गुडघा दुखतोय. तिच्याशी बोला.’ मी आकडे मोजायचं थांबवलं आणि म्हटलं, ‘शिट्टी होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या.’ त्या आठवड्यात हॉलवर ज्या बायका आल्या, त्यांनी जिना चढताना हेच वाक्य म्हणून दाखवलं. तेव्हा जरूर जा त्या कार्यक्रमात. सिक्स पॅक दाखवायला बोलावत असतील तर विचार की बोलायला किती वेळ देणार.

स्टुडिओ मात्र लगेच नको. चाळीस हजार फॉलोअर्समधले ठाण्यात किती, त्यातले पहाटे सहाला उठून येणारे किती, हे आधी पाहा. शनिवार-रविवार उपवनला तलावाकाठी सकाळची एक बॅच घे. तीन महिने घे, पावसाळ्यातही. बारा जण पैसे भरून नियमित आले तर भाड्याची जागा शोध, आणि भाडं एवढंच असू दे की तो अभिनेता उद्या दुसरीकडे गेला तरी ते फिटेल. माझ्या त्या दोघींपैकी एकीची मालिका संपली तेव्हा ती आली तशी गेली. हॉलचं भाडं साडेसहाच्या बॅचमधल्या शिक्षिकांनी आणि बँकेतल्या बायकांनी भरलं. स्टुडिओ काढायच्या आधीच नावाची ट्रेडमार्क नोंदणी कर. प्रशिक्षणासाठी वर्ग ४१, पुढे पावडर विकणार असशील तर वर्ग ५. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे प्रत्येक वर्गाला साडेचार हजार लागतात. आणि सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवण्याचा, कोर्स केला नसशील तर तो या सगळ्याच्या आधी. अठरा तास शूटिंग करून उपाशीपोटी आलेला माणूस स्क्वॉटमधून उठताना समोर कोसळतो, तेव्हा तू काय करतोस ते महत्त्वाचं. आल्या-आल्या ‘शेवटचं कधी जेवलास?’ विचारायची सवय मला अशाच एका सकाळनंतर लागली.

प्रश्न : मी नेरूळला राहते, वय ४४. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये झुंबा घेते, पंधरा जणी येतात. कुठलंही लायसन्स नाही, व्हिडिओ बघून शिकले. बॅनर लावला तर चालेल का?

उत्तर : पंधरा जणी टिकवल्यात याचं मनापासून कौतुक. बॅनरवर ‘झुंबा’ लिहू नका, ते एका कंपनीचं नोंदवलेलं नाव आहे आणि तिचं लायसन्स असलेल्यांनीच वापरायचं. कोलंबियातल्या कालीचा बेटो पेरेझ एकदा एरोबिक्सच्या वर्गाला कॅसेट विसरला आणि जवळच्या साल्सा-मेरेंगे या लॅटिन अमेरिकी नाचगाण्यांच्या कॅसेटवर त्याने तास घेतला, तिथून हे सुरू झालं. २००१मध्ये त्याने दोन भागीदारांबरोबर अमेरिकेत कंपनी काढली, आणि पुढे नाच शिकवण्याइतकंच शिकवणाऱ्यांना लायसन्स देण्यावर ती वाढली. एक तर त्यांचं प्रशिक्षण घ्या, नाहीतर स्वतःचं नाव ठेवा. कोळीगीतांवर तास घेत असाल तर तसंच लिहा बॅनरवर, नेरूळमध्ये ते सगळ्यांना कळेल. आणि गुडघे दुखणाऱ्यांना उड्यांऐवजी काय करायचं ते पहिल्याच दिवशी दाखवा.